डॉक्टर आणि फार्मासिस्ट: कामाचं नातं मोजताना (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी

प्रकल्पाचा प्रश्न आज एका ओळीत लिहायचा होता. 'डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्यातलं सहकार्य मोजणे' एवढं लिहून कागद पुढे केला. मॅडमनी वाचून विचारलं, "कुणाला विचारणार?" दोघांनाही, असं सांगितलं. "एकाच जोडीतल्या दोघांना, की डॉक्टरांचा गठ्ठा वेगळा आणि फार्मासिस्टचा वेगळा?" इथे थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

या विषयावरचं बरंच काम दुसऱ्या पद्धतीचं आहे. दोन गठ्ठे, दोन सरासऱ्या, आणि त्यांतल्या फरकावर चर्चा. त्यातून एका व्यवसायाचं दुसऱ्या व्यवसायाबद्दलचं मत कळतं, आणि तेही उपयोगाचं असतं. पण चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर एक असतो आणि ती काउंटरवर हातात घेणारा फार्मासिस्टही एक. त्या दोघांचं एकमेकांशी कसं चालतं हे सरासरीत दिसत नाही.

शेवटी प्रश्न असा ठरला: अमुक डॉक्टर आणि अमुक फार्मासिस्ट ही जोडी आपल्या कामाच्या नात्याबद्दल काय सांगते, दोघांचं सांगणं जुळतं का, आणि प्रत्यक्ष व्यवहारात त्याचा मागमूस लागतो का.

९ जानेवारी

वाचन. सुरुवात रँडल मॅक्डोनो आणि विल्यम डुसेट यांच्या २००१ च्या मांडणीपासून. पुढचं जवळजवळ सगळं काम तिच्यावरच उभं आहे, त्यामुळे ती वगळून चालणार नाही.

त्यांनी नात्याच्या पायऱ्या मांडल्या आहेत, शून्यापासून चारपर्यंत. शून्यावर दोघांना एकमेकांचं फक्त अस्तित्व माहीत असतं. चिठ्ठी येते, औषध जातं, फोन झालाच तर अडल्यापुरता. एकवर ओळख होते, म्हणजे फार्मासिस्ट स्वतःहून जाऊन आपण काय करू शकतो ते सांगतो. दोनवर चाचपणी: डॉक्टर एखाददुसरा रुग्ण त्याच्याकडे औषधं तपासून घ्यायला पाठवतो आणि काय होतं ते बघतो. तीनवर व्यवहार वाढतो, चारवर दोघंही एकमेकांना धरून काम करतात.

या मांडणीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे सुरुवातीच्या पायऱ्यांवरचे कष्ट बहुतेक एकतर्फी आणि फार्मासिस्टच्या बाजूचे असतात, हे त्यात उघड मान्य केलंय. दोन्ही बाजूंचा जोर सारखा होतो तो वरच्या पायऱ्यांवर. म्हणजे खालच्या पायरीवरच्या जोडीत दोघांची उत्तरं वेगळी येणं हे अपेक्षितच. त्याला मोजमापातली गडबड समजायचं कारण नाही.

एक शंका मात्र राहते. पायऱ्या म्हटल्या की माणूस चढतच जाणार असं वाटतं. प्रत्यक्षात फार्मासिस्ट नोकरी बदलतो आणि चौथ्या पायरीवरचं नातं एका रात्रीत शून्यावर येतं. डॉक्टरच्या बाजूने बघितलं तर काउंटर तोच, फोन नंबरही तोच, पलीकडचा आवाज तेवढा बदललेला.

१२ जानेवारी

याच मांडणीतून ॲलन झिलिच आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मापनपट्टी तयार केली. १४ विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. तीन भाग: नात्याची सुरुवात कुणी आणि कशी केली (३ विधानं), विश्वासार्हता (६ विधानं), आणि कुणी काय करायचं याची स्पष्टता (५ विधानं). मुळात ती डॉक्टरने एका ठराविक फार्मासिस्टबद्दल भरायची. पुढे फार्मासिस्टने भरायची आवृत्तीही वापरात आली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डॉक्टरांवरच्या त्यांच्या आधीच्या, २००४ च्या सर्वेक्षणात डॉक्टरचं वय, अनुभव वगैरे व्यक्तिगत गोष्टींपेक्षा दोघांमधल्या देवाणघेवाणीशी सहकार्याचा संबंध जास्त ठळक दिसला होता. हे तीन भाग त्या देवाणघेवाणीचेच आहेत.

एकूण गुण १४ ते ९८. बरेच जण एकूण गुणच छापतात. मला ते पटत नाही. हे बघा: एका जोडीत सुरुवात २१, विश्वास ४२, भूमिकांची स्पष्टता ५, बेरीज ६८. दुसऱ्या जोडीत सुरुवात ९, विश्वास २९, स्पष्टता ३०, बेरीज तीच ६८. पहिल्या डॉक्टरला समोरच्या माणसावर पूर्ण भरवसा आहे, पण कुणी काय करायचं हे कधी ठरलंच नाही. दुसऱ्याकडे कामाची वाटणी चोख आहे, ओलावा बेताचा. पहिल्या जोडीला एक बैठक पुरेल. दुसऱ्या जोडीत बैठक घेऊन काही फरक पडणार नाही. बेरजेत हा सगळा भेद पुसला जातो.

ठरलं: तीन भाग वेगळेच ठेवायचे. बेरीज अहवालात द्यायची नाही.

१५ जानेवारी

बाकीच्या पट्ट्या भराभर बघून घेतल्या. मोहम्मदरझा होजात आणि जोसेफ गोनेला यांची २०११ ची १६ विधानांची पट्टी वृत्ती मोजते: डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांनी मिळून काम करावं का, निर्णयात दोघांचा वाटा असावा का. चांगली आहे, पण ज्याने अजून एकही चिठ्ठी लिहिलेली नाही असा विद्यार्थीसुद्धा ती भरू शकतो. वृत्ती मोजायला हाच तिचा गुण, आणि नातं मोजायला हीच अडचण.

सिडनीतल्या कॉनी व्हॅन आणि सहकाऱ्यांनी वृत्तीची पट्टी आणि प्रत्यक्ष किती वेळा एकत्र काम होतं याची पट्टी अशा दोन निरनिराळ्या केल्या, आणि दोन्ही डॉक्टर व फार्मासिस्टसाठी स्वतंत्रपणे. ही फारकत आपणही करायची. 'असं व्हायला हवं' आणि 'असं होतं' हे एकाच कागदावर आलं की माणूस पहिल्याचं उत्तर दुसऱ्यालाही देऊन मोकळा होतो.

मूळ पट्ट्या वापरण्यासाठी लेखकांना परवानगीचं पत्र पाठवलं.

२१ जानेवारी

जोड्या निवडायच्या कशा? आजचा दिवस यावरच गेला.

सोपी वाट म्हणजे डॉक्टरला सांगायचं, 'तुम्ही ज्यांच्याबरोबर सर्वांत जास्त काम करता त्या फार्मासिस्टबद्दल भरा.' प्रतिसाद चांगला मिळतो आणि कागद पटापट भरून येतात. पण मग प्रत्येक डॉक्टर आपल्या सर्वांत चांगल्या नात्याबद्दल लिहिणार. सगळे गुण वरच्या टोकाला चिकटणार आणि निष्कर्ष निघणार की सगळं छान चाललंय. लग्नाला आलेल्या पाहुण्यांना 'यजमान कसे आहेत' विचारण्यासारखं.

दुसरी वाट चिठ्ठ्यांच्या प्रवाहातून जाते. एका परिसरातले काही डॉक्टर घ्यायचे, त्यांच्या चिठ्ठ्या ज्या ज्या काउंटरवर जातात तिथले फार्मासिस्ट घ्यायचे, आणि प्रत्येक डॉक्टरने त्यांतल्या प्रत्येक फार्मासिस्टबद्दल आणि प्रत्येक फार्मासिस्टने त्यांतल्या प्रत्येक डॉक्टरबद्दल भरायचं. निवड आपल्या हातात राहते, माणसाच्या आवडीनिवडीवर सोडली जात नाही. तोटा उघड आहे, एकेकाला बरेच कागद भरावे लागतात. १४ विधानं पाच-सहा जणांबद्दल भरायची म्हटल्यावर तिसऱ्या कागदानंतर सरळ रेघ ओढली जाणार, सगळीकडे पाच.

मॅडमचा तोडगा: भेट एकच न ठेवता कागद थोड्या थोड्या दिवसांनी द्यायचे, आणि माणसांचा क्रम प्रत्येकासाठी वेगळा ठेवायचा. कंटाळा यायचाच असेल तर तो निदान एकाच फार्मासिस्टच्या वाट्याला दरवेळी येऊ नये.

दुसरी वाट घेतली. तिचा खरा फायदा गणिताच्या बाजूने आहे, तो सांख्यिकीवाल्या सरांशी बोलून लिहीन.

२७ जानेवारी

प्रश्नावलीत एक चौकट वाढवली: 'या व्यक्तीला ओळखत नाही'. यावर बराच वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की ही पळवाट आहे, लोक भरायचं टाळण्यासाठी तिथेच खूण करतील.

पण दोघांच्या बसण्याच्या जागा बघा. फार्मासिस्ट डॉक्टरला रोज वाचत असतो. त्याचं अक्षर, त्याची नेहमीची औषधं, कुठला डोस तो हात राखून देतो, कुठे सढळ, रविवारी फोन उचलतो की नाही, हे सगळं त्याला माहीत. डॉक्टरला फार्मासिस्टकडून येतं ते फारच थोडं, आणि बिनसलं तरच येतं. डॉक्टरला दुकानाचं नाव ठाऊक असतं, माणसाचं नसतं. मग एका बाजूने सविस्तर गुण आणि दुसऱ्या बाजूने 'ओळखत नाही' असं येणार, आणि तेच त्या जोडीचं खरं वर्णन असेल. शून्य पायरीवरच्या माणसाकडून जबरदस्तीने ४ गुण लिहून घेतले तर ते ४ नंतर सरासरीत जाऊन बसतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

चौकट राहिली. विश्लेषणात ती रिकामी जागा धरायची नाही, स्वतंत्र उत्तर धरायचं.

४ फेब्रुवारी

विधानं वाचताना लोक मनात काय म्हणतात ते ऐकण्याच्या मुलाखती सुरू. पद्धत साधी: समोर बसून भरा, आणि भरताना डोक्यात येईल ते मोठ्याने बोला. आपण गप्प बसायचं. हे गप्प बसणं सर्वांत अवघड.

विश्वासाच्या विधानावर एक अनुभवी डॉक्टर थांबल्या. "कशाबाबत विश्वास? औषध बरोबर देईल याचा? तो तर आहेच. माझी चूक दिसली तर फोन करेल याचा? तोही आहे. पेशंटसमोर मला कमी लेखणार नाही याचा? …इथे मी तीन देईन." आणि कागदावर खूण केली पाचावर.

हे पाच कुठून आलं? तीन निरनिराळ्या विश्वासांची मनातल्या मनात काढलेली गोळाबेरीज. त्यांतला तिसरा तर कुठल्याच पट्टीत धड सापडत नाही, आणि मला वाटतं तोच बऱ्याच ठिकाणी घोडं अडवतो.

दुसऱ्या बाजूला एक फार्मासिस्ट, दोन्ही बाजूंनी संवाद होतो का या विधानावर: "मी सांगतो, ते ऐकून घेतात. हे दोन्ही बाजूंनी झालं का? त्यांनी आपणहून कधी फोन केलाय असं आठवत नाही." थोडा विचार करून सहा दिले. का, असं विचारल्यावर म्हणाले, "ऐकून तरी घेतात ना. बाकीचे तेही करत नाहीत."

म्हणजे हे सहा त्या डॉक्टरला मिळालेले नाहीतच. बाकीच्या डॉक्टरांशी तुलना करून मिळालेले आहेत. ज्याला वाईट अनुभव जास्त, त्याची पट्टी आखूड आणि गुण सढळ. पारंपरिक सर्वेक्षणात हा फार्मासिस्ट 'समाधानी' म्हणून मोजला गेला असता.

५ फेब्रुवारी

कालच्या मुलाखतींवरून दोन पूरक विधानं वाढवली. मूळ पट्टीला हात लावलेला नाही, ती वेगळ्या पानावर: 'गेल्या महिनाभरात त्यांनी स्वतःहून संपर्क केला', 'रुग्णासमोर माझ्याबद्दल जपून बोलतात'.

११ फेब्रुवारी

मतांच्या जोडीला व्यवहाराची नोंद हवी. फार्मासिस्टनी डॉक्टरला केलेल्या प्रत्येक फोनची नोंदवही ठेवायची ठरली. नमुना पान भरून बघण्यासाठी आज काउंटरच्या आत बसलो.

एक फोन सविस्तर लिहून ठेवतो, कारण पानावर कुठले रकाने हवेत ते त्यातूनच ठरलं. सांधेदुखीच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट, पुढे 'रोज १'. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊन जिवावर बेतू शकतं. त्याच चिठ्ठीत खाली फॉलिक ॲसिडही होतं (मेथोट्रेक्सेटचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून ते सोबत देतात), म्हणजे लिहिणाऱ्याला उपचार नीट माहीत होते, हात तेवढा घसरला. फार्मासिस्टने क्लिनिकला फोन लावला. रिसेप्शनवरून उत्तर: "सर पेशंट बघतायत, नंतर करा." फार्मासिस्ट म्हणाला, "एका औषधाच्या डोसबद्दल आहे, पेशंट माझ्यासमोर उभे आहेत. होल्ड करतो." रुग्णाची बायको काउंटरवर बोटं वाजवत होती. मग डॉक्टर लाइनवर आले. फार्मासिस्टने 'चुकलंय' म्हटलंच नाही. "सर, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच देऊ ना? चिठ्ठीवर मला रोज वाचायला येतंय." पलीकडून, "हो हो, आठवड्यातूनच. बरं झालं विचारलंत. वार लिहून द्या त्यांना, सोमवार." संपलं.

रकाने असे झाले: फोन कुणी उचलला, डॉक्टरपर्यंत पोचायला किती वेळ लागला, प्रश्न कशाबद्दल, फार्मासिस्टने काही सुचवलं की फक्त विचारलं, चिठ्ठीत काय बदललं, आणि डॉक्टरनी कारण सांगितलं का. शेवटचा रकाना माझ्या हट्टाने आला. 'बदलून द्या' म्हणून फोन ठेवणं आणि 'याची किडनी कमजोर आहे म्हणून मी मुद्दाम कमी ठेवलाय' असं सांगणं यांत नात्याचा बराच फरक आहे. दुसऱ्या वेळी फार्मासिस्टला रुग्णाबद्दल चिठ्ठीबाहेरचं काही कळतं.

पुढे एका रुग्णाला चालू सिम्व्हास्टॅटिनवर (कोलेस्टेरॉलचं औषध) क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) दिलेलं आढळलं. दोन्ही एकत्र घेतली तर स्नायूंना गंभीर इजा होण्याचा धोका असतो. हा फोन डॉक्टरपर्यंत पोचलाच नाही, निरोपावर राहिला. त्यासाठी सातवा रकाना: निरोप कुणाकडे, आणि उत्तर आलं का.

बाकीचे फोन 'हा ब्रँड नाही, तोच घटक दुसऱ्या कंपनीचा देऊ का' या जातीचे. ते वेगळ्या रंगात. उपलब्धतेचे आणि उपचाराचे फोन एका आकड्यात घातले तर भरपूर फोन करणारं दुकान भरपूर सहकार्य करणारं दिसेल, आणि कदाचित तिथे फक्त माल अपुरा असेल.

१८ फेब्रुवारी

सूचना स्वीकारण्याचं प्रमाण. अहवालांना हा आकडा फार प्रिय: फार्मासिस्टच्या किती सूचना डॉक्टरांनी मानल्या. लुसियन लीप आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा अतिदक्षता विभागातला अभ्यास यासाठी नेहमी पुढे केला जातो. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट डॉक्टरांबरोबर राउंडला जाऊ लागला. त्याच्या ३६६ सूचनांपैकी ३६२ मानल्या गेल्या, आणि औषध लिहिताना होणाऱ्या, टाळता येण्याजोग्या दुष्परिणामांचं प्रमाण दर १,००० रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल, म्हणजे एक रुग्णदिवस) १०.४ वरून ३.५ वर आलं. दुसरा आकडाच महत्त्वाचा. रुग्णाला फायदा झाला हे त्यातून कळतं.

पहिला आकडा उचलून आपल्या काउंटरवर लावता येत नाही. राउंडवर फार्मासिस्ट तिथेच उभा असतो, चिठ्ठी लिहिली जात असतानाच बोलतो, केसपेपर त्याच्याही हातात असतो. आपला फार्मासिस्ट निर्णय झाल्यानंतर, लांबून, निदान माहीत नसताना, मधल्या माणसामार्फत बोलतो.

शिवाय हे प्रमाण वाढवण्याची एक अगदी स्वस्त युक्ती आहे: खात्री असेल तेव्हाच तोंड उघडायचं. जो फार्मासिस्ट शंका आली की विचारतो त्याच्या बऱ्याच सूचना फेटाळल्या जातील, कारण काही शंका निराधार असणारच. जो घाबरून फक्त ढळढळीत चुका दाखवतो त्याचं प्रमाण शंभरच्या जवळ. मला विचाराल तर पहिल्याचं नातं जास्त निरोगी. चुकीची ठरू शकेल अशी शंका बोलून दाखवायला जागा असणं ही मोठी गोष्ट आहे.

म्हणून स्वीकाराचं प्रमाण एकटं द्यायचं नाही. सोबत एकूण किती शंका विचारल्या आणि त्यांतल्या किती 'खात्री नव्हती तरी विचारल्या' हेही नोंदवायचं. खात्री किती होती हे फार्मासिस्टने फोन करण्यापूर्वीच लिहायचं. नंतर लिहिलं तर उत्तर ऐकून खात्री बदलते.

२५ फेब्रुवारी

न केलेले फोन. नोंदवहीत जे झालं तेच येतं. काउंटरवर बसल्या दिवशी एक चिठ्ठी अशी होती की फार्मासिस्टने ती दोनदा वाचली, फोनकडे बघितलं आणि औषधं देऊन टाकली. विचारल्यावर म्हणाला, "यांना फोन केला की चिडतात. धोका काही नाही त्यात, फक्त पेशंटला दुप्पट खर्च." दुसऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरही फोन केला नाही, पण कारण अगदी उलट: "यांचं माझं ठरलेलं आहे, असं असेल तर मीच बदलतो आणि संध्याकाळी कळवतो."

नोंदवहीत दोन्ही ठिकाणी शून्य. एक शून्य धास्तीतून आलेलं, दुसरं विश्वासातून.

वहीत एक पान वाढवलं: 'विचारावंसं वाटलं पण विचारलं नाही', आणि कारणासाठी चार खुणा. वेळ नव्हता, पोचणार नाही माहीत होतं, चिडतील, आधीच ठरलंय. हे पान भरून घेणं कठीण जाणार. ज्याला धास्ती आहे त्याला ती कागदावर लिहायचीही धास्ती असणार.

३ मार्च

नैतिकता समितीसाठी मसुदा. गोपनीयतेचा मुद्दा इथे नेहमीपेक्षा नाजूक आहे. साध्या सर्वेक्षणात नाव काढलं की झालं. आपल्याकडे जोडी जुळवायची म्हणजे कोण कुणाबद्दल बोलतोय हे आपल्याला माहीत असलंच पाहिजे. आणि दोघांमधलं पारडं समान नाही: डॉक्टरच्या एका शब्दावर रुग्ण दुसऱ्या दुकानाकडे वळू शकतो. फार्मासिस्टने दिलेले दोन गुण त्या डॉक्टरपर्यंत पोचले तर नुकसान कुणाचं हे सांगायला नको.

व्यवस्था: प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक, नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी विश्लेषण करणाऱ्याकडे नाही, तिसऱ्या व्यक्तीच्या कपाटात. कागद बंद पाकिटात, क्लिनिक किंवा दुकानातल्या कुणाच्याही हातून न जाता. वैयक्तिक गुण कुणालाच दाखवायचे नाहीत, मागितले तरी. अहवालात एका जोडीचं ओळखू येईल असं वर्णन नाही.

समितीची भाषा घालून उद्या पाठवायचा.

१० मार्च

सांख्यिकीवाल्या सरांबरोबर दुपारभर बसलो.

पहिला मुद्दा जुळणीचा. डॉक्टरांचे गुण ५, ६, ७ आणि त्याच जोड्यांतल्या फार्मासिस्टचे ३, ४, ५ असले तर सहसंबंध, म्हणजे दोन्हीकडचे गुण एकत्र वरखाली होतात का याचं माप, पूर्ण १ येतो, आणि तरीही एकाही जोडीत दोघांचं एकमत नाही, प्रत्येक ठिकाणी दोनचा फरक. म्हणून साधा सहसंबंध चालणार नाही. वर्गांतर्गत सहसंबंध काढायचा, तोही निव्वळ एकमत बघणारा, आणि फरकाची दिशा वेगळी द्यायची.

दुसरा मुद्दा अल्फाचा, म्हणजे पट्टीतल्या विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणाऱ्या आकड्याचा. ली क्रोनबाखचा १९५१ पासून चालत आलेला आकडा ०.७ च्या वर असला की पट्टी भरवशाची, असं सर्रास लिहितात. सरांनी फळ्यावर मांडून दाखवलं: विधानांचा आपसांतला सरासरी सहसंबंध ०.३ धरला, तर ३ विधानांच्या भागाचा अल्फा ०.५६, ६ विधानांचा ०.७२ आणि १४ विधानांचा ०.८६. विधानं तितक्याच ताकदीची, फक्त संख्या वाढली. त्यामुळे नात्याच्या सुरुवातीचा तीन विधानांचा भाग आमच्याकडे कच्चा दिसला तर लगेच काढून टाकायचा नाही, आणि एकूण पट्टीचा अल्फा चांगला आला म्हणून हुरळायचं नाही.

तिसरा नमुन्याचा. एका डॉक्टरच्या ६ जोड्या म्हणजे ६ स्वतंत्र माणसं नव्हेत. एकाच डॉक्टरच्या जोड्यांमधलं साम्य ०.२ धरलं तर नमुना फुगण्याचा गुणक १ + (६ − १) × ०.२, म्हणजे २. नमुना कागदावर दिसतो त्याच्या निम्म्याच किमतीचा. जोड्या वाढवण्यापेक्षा माणसं वाढवणं श्रेयस्कर.

आणि मग २१ जानेवारीला सोडलेला धागा. प्रत्येकाने अनेकांना गुण दिल्यामुळे डेव्हिड केनी यांच्या सामाजिक संबंधांच्या प्रारूपाने एकेका गुणाचे तुकडे पाडता येतात: देणारा मुळात किती सढळ, घेणाऱ्याची सगळ्यांकडे पत किती, आणि हे दोन्ही वजा जाता या जोडीचं म्हणून काय उरतं. सरांचं उदाहरण: सगळ्यांची सरासरी ५. डॉक्टर अ सगळ्यांना सरासरी ६ देतात, म्हणजे अधिक १. फार्मासिस्ट क ला सगळ्यांकडून सरासरी ४ मिळतात, म्हणजे उणे १. अपेक्षित गुण ५ + १ − १ = ५. प्रत्यक्ष दिलेत ७. या जोडीचं स्वतःचं, अधिक २. आता डॉक्टर ब, तेही सढळ, सरासरी ६. फार्मासिस्ट ख ची पत चांगली, सरासरी ६. अपेक्षित ७, प्रत्यक्ष ७. उरलं शून्य.

कागदावर दोन्हीकडे ७. पहिल्या जोडीत बाकीच्यांना न दिसणारं काहीतरी घडलंय. दुसऱ्या जोडीत दिलदार डॉक्टर आणि नावाजलेला फार्मासिस्ट, नातं म्हणून वेगळं काही नाही. ४ फेब्रुवारीच्या त्या फार्मासिस्टचे सहा गुणही यात आपोआप जागेवर येतात, कारण त्याची आखूड पट्टी त्याच्या खात्यावर वजा होते.

अट एकच. जोडीचं म्हणून जे उरतं त्यात मोजमापाची चूकही मिसळलेली असते. दोन्ही सुटी करायची तर तीच गोष्ट किमान दोनदा मोजावी लागते. सर म्हणाले, "दुसरी फेरी परवडत नसेल तर हे सगळं विसरा."

१९ मार्च

पूर्वचाचणीचे कागद आले. आकडे इथे लिहीत नाही, नमुना फार लहान आहे, लिहिले की लोक उचलतात. पण आकार दिसतोय. डॉक्टरांचे विश्वासाचे गुण वर दाटलेले. १५ टक्क्यांहून जास्त जणांचे गुण अगदी वरच्या किंवा खालच्या टोकाला असले तर पट्टी तिथे आंधळी समजावी हा केरोलिन टरवी यांच्या गटाचा २००७ चा निकष आहे, आणि त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागणार. फार्मासिस्टचे गुण पसरलेले. भूमिकांच्या भागात दोन्ही बाजू विस्कटलेल्या.

'ओळखत नाही' ही चौकट जवळजवळ सगळी डॉक्टरांच्या कागदांवर.

न केलेल्या फोनांचं पान काहींनी मनापासून भरलंय, काहींचं कोरं. कोरं पान आणि वर विश्वासाला सात असे कागद बाजूला काढून ठेवलेत.

२७ मार्च

मॅडमनी विचारलं की दोघांची उत्तरं जुळत नसतील तर खरं कुणाचं धरणार. सहकारी म्हणाला, सरासरी काढू. मी विरोध केला. डॉक्टर ७ आणि फार्मासिस्ट ३ यांची सरासरी ५, आणि दोघंही ५ देणाऱ्या जोडीची सरासरीही ५. दुसऱ्या जोडीत दोघांना नातं कुठे आहे ते ठाऊक आहे. पहिल्या जोडीत एकाला वाटतंय की सगळं आलबेल, आणि दुसरा फोन उचलायला कचरतोय. चिठ्ठीतली चूक तशीच पुढे जाण्याची भीती पहिल्या जोडीत जास्त, असा माझा अंदाज आहे. तो तपासता येईल: फरक मोठा असलेल्या जोड्यांत न केलेल्या फोनांत 'चिडतील' ही खूण जास्त सापडते का.

हे मुख्य गृहीतक म्हणून लिहून घेतलं. विदा (डेटा) येण्याआधी नोंदवून ठेवायचं, म्हणजे नंतर सोयीचं काही शोधून काढण्याचा मोह नको.

३ एप्रिल

समितीची मंजुरी आली, एका अटीसह: न केलेल्या फोनांच्या पानावर रुग्णाचं किंवा औषधाचं नाव नको, फक्त कारण. मान्य.

रिसेप्शनवरच्या माणसांनाही चार प्रश्न विचारायचे ठरले. कुणाचा फोन आत द्यायचा आणि कुणाला थांबवायचं हे रोज तेच ठरवतात, आणि आजवर बघितलेल्या एकाही पट्टीत त्यांना जागा नाही.

दुसरी फेरी पहिल्यानंतर दोन आठवड्यांनी. त्याहून लवकर घेतली तर पहिली उत्तरं आठवतात, फार उशिरा घेतली तर नातंच बदललेलं असू शकतं. मधल्या काळात डॉक्टर किंवा फार्मासिस्ट बदलला तर ती जोडी दुसऱ्या फेरीतून बाद, पण 'जोडी तुटली' अशी नोंद ठेवायची. कागद छपाईला सोमवारी.